पेन्सिलीतलं राज्य

अनुसया : आन भिताडावरच्या नकाशातलं हे मधलं? बाकी समदी लाल, हिरवी, जांभळी शाईनं रंगवलीस आन ह्येच तेवढं पेन्सिलीनं गिरगटलंस. शाई सरली व्हती काय रं दादा?

बाजीराव : ते महाराष्ट्र आहे.

अनुसया : आपलं?

बाजीराव : त्यात एक तांत्रिक बाब आहे, तुला नाही कळायची. तू एकंदर पसारा बघ. हे वर काश्मीर, हे खाली केरळ, हे उजव्या कोपऱ्यात अरुणाचल. देशात राज्यं पंचवीस. माझी झाली चोवीस. सतरा तारखेला निघतो, सिक्कीम करून येतो, की पूर्ण. आमच्या सह्याद्री मित्रमंडळानं शाल-श्रीफळ ठरवलंय. फलकसुद्धा रंगवून आला.

प्रभावती : 'भारतभ्रमणवीर' लिहायचं होतं, वन्सं. पेंटर गुजराती, त्यानं मधला 'ण' खाल्ला. 'भारतभ्रमवीर' झालंय. मी म्हटलं राहू द्या, बरोबर आहे. चहा घ्या.

अनुसया : द्या वैनी. हे माग असेच चालतात का दिवसभर? खटाखटा?

प्रभावती : रात्री पण. बंद पडले तर आमच्या या लिंबायत वस्तीला झोप येत नाही.

अनुसया : दादा, सतराला कसा जाशील? वीसला ज्योतीचं लगीन हाय म्हनून सकाळपासून सांगाय लागलेय मी. पत्रिका तुझ्या मांडीवर हाय. तिच्यावर चष्मा ठेवलास तू.

बाजीराव : वाचली. छपाई बरी आहे. मुहूर्त बारा पस्तीस. माझा आशीर्वाद आहेच.

अनुसया : आशीर्वाद पोस्टानं येतो. मामा न्हाई येत. भटजी मांडवात वरडतो, मुलीच्या मामानं मुलीला घेऊन या. तवा मामा लागतो. दोन पायाचा.

बाजीराव : मोठ्या दोघींची लग्नं झालीच की माझ्यावाचून.

अनुसया : झाली. दोन्ही येळंला शेजारचे बाबुराव मामा झाले. भला मानूस. ऐकू येत नव्हतं त्यांना, भटजी वरडला की मी चिमटा काढायचे, मंग ते निघायचे. गेल्या म्हैन्यात वारले. त्यांचं तेरावं झालं आन मी गाडी धरली.

प्रभावती : म्हणजे बाबुराव असते तर तुम्ही आला नसतात.

अनुसया : कशाला येऊ? साडेतीनशे पत्रिका वाटल्या घरोघर फिरून, मोजून. ही शेवटची. ज्योती म्हनली, ताईंना उसना मामा झाला, मला नको. माझा मामा सुरतेला जित्ता हाय. त्याला आना, न्हाई तर मी अंतरपाटाजवळ जात न्हाई.

बाजीराव : हट्टी दिसते.

अनुसया : आजोबावर गेली. मामावर गेली म्हनले असते, पर मामा पाह्यला कुनी?

बाजीराव : अनुसया, प्रश्न माझ्या इच्छेचा नाही. तत्त्वाचा आहे. आप्पांच्या तोंडावर मी म्हणालो होतो, 'तुमच्या राज्यात पुन्हा पाय ठेवणार नाही.' माणसानं एकदा शब्द उच्चारला की तो त्याचा राहत नाही.

अनुसया : आप्पाचं राज्य? दोन खोल्या, एक गोठा, एक सायकल. ती सायकल तू न इचारता अजिंठ्याला नेलीस. लेणी बघायला. दोन दिसांनी उगवलास. आप्पानं पाव्हन्यांम्होरं एक ठेवून दिली. म्हनले, माझ्या राज्यात ह्ये चालायचं न्हाई. ते राज्य म्हंजी घर रं. आप्पाला त्याच्या हयातीत कुनी सरपंचसुदीक केलं न्हाई. तू त्याला पार चंद्रपूरपस्तोर राज्य देऊन टाकलंस.

प्रभावती : आणि कोल्हापूर.

बाजीराव : वाक्यात शब्द 'राज्य' होता. अर्थ ज्यानं त्यानं काढावा.

अनुसया : आप्पाला जाऊन बावीस वर्सं झाली. राज्य बुडालं की मग.

बाजीराव : शब्दाला मुदत नसते.

अनुसया : तार केली व्हती आप्पा गेले तवा. कुठं व्हतास?

बाजीराव : कटकला. पेढीच्या साड्यांचे नमुने घेऊन. तार परत फिरून आली तोवर...

अनुसया : वरिसा रंगवलं व्हतंस.

बाजीराव : ओरिसा. हो, त्याच फेरीत झालं.

अनुसया : आन माय गेली तवा?

बाजीराव : आईचं काही म्हणणं होतं का? शेवटी? माझ्याबद्दल?

अनुसया : न्हाई. तुला रडवायला मी काय बी जुळवून सांगनार न्हाई. मायनं चहा मागितला. साखर जास्त घाल म्हनली. तुझं नाव काढलं न्हाई.

बाजीराव : ...बरं.

प्रभावती : वन्सं, यांच्या शब्दाची गोष्ट मी सांगते, मी तर घरात पाळलाय तो. पेढीनं एकोणतीस वर्षांत तीनदा यांना महाराष्ट्राची लाईन दिली. नागपूर, अकोला, औरंगाबाद. साड्या धडाधड खपणारी लाईन. यांनी पेढीतल्याच मगनभाईंना देऊन टाकली आणि स्वतः मणिपूर घेतलं. मणिपुरात सुरतेची साडी नेसतं कोण?

बाजीराव : बाजारपेठ तयार करायला वेळ लागतो.

प्रभावती : आणि प्लेगाच्या वेळी? दोन वर्षांमागे? अर्धं सुरत तोंडाला फडकं बांधून पळालं. आम्ही पण भुसावळवरून पुढे जाणाऱ्या गाडीत. नंदुरबारला लोक उतरले, अमळनेरला उतरले, जळगावला मी पोरांना घेऊन उतरले आणि तुमच्याकडे आले.

अनुसया : तुमी म्हनला व्हता, त्यांना पेढीचं काम निघालं.

प्रभावती : मला लाज वाटली सांगायला. हे खिडकीची झडप पाडून बसून राहिले. बुऱ्हाणपूरला उतरले. मध्य प्रदेश लागला तेव्हा. पंधरा दिवस धर्मशाळेत खिचडी खाल्ली.

बाजीराव : मध्य प्रदेश आधीच झालेला होता. आकड्यात त्याचा काही फायदा झाला नाही.

अनुसया : अरं देवा. आन आता सिक्कीमला जाशील ते कुठून?

बाजीराव : हावड्याच्या गाडीनं. मग पुढे जलपाईगुडी.

अनुसया : म्हंजी जळगाव, भुसावळ, नागपूर, समदं आडवं कापत जानार. पोरीच्या मांडवावरून जाशील आन खाली बघनार न्हाईस. महाराष्ट्रातून गेलेलं चालतं व्हय तुला?

बाजीराव : डबा रेल्वेचा. रेल्वे केंद्र सरकारची. डब्याची फरशी कुठल्याही राज्यात मोडत नाही.

अनुसया : मंग भुसावळचा फलाटबी रेल्वेचाच की.

बाजीराव : फलाटाबाबत मतभेद आहेत.

प्रभावती : कोणाचे? तुमचे तुमच्याशीच ना? वन्सं, नवापूरचं स्टेशन बघितलंत ना येताना? अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. चहावाला पलीकडच्या अर्ध्यात. हे अलीकडच्या अर्ध्यात उभे राहून हात लांब करतात.

बाजीराव : शब्द पायाचा दिलेला आहे. हाताचा नाही.

प्रभावती : एकदा चहा सांडला. बघायला वाकले सुद्धा नाहीत, न जाणो पाय सरकला तर.

अनुसया : आन ह्या मानसाला शाल देनार. कोन म्हनलात, सह्याद्री मंडळ?

प्रभावती : चिटणीस आहेत त्याचे. दर एक मेला महाराष्ट्र दिनाचं भाषण यांचंच असतं. यंदाही झालं, आठ दिवस नाही झाले. 'त्या मातीचा गंध माझ्या श्वासात आहे.' लोक डोळे पुसतात. माती कुठून आली म्हणाल, तर तुम्ही माझ्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा देता, त्यांना लागलेली.

बाजीराव : भाषणाला भाषणाची भाषा असते. प्रभा, तू यात पडू नकोस.

अनुसया : थांब रं. मला एक कळंना. इतकं पाळतोस, पायबी ठेवत न्हाईस, मंग तुझ्या चोवीसात महाराष्ट्र धरलंस कसं? म्हनून पेन्सिल व्हय?

बाजीराव : जन्मानं धरलं. माझा जन्म तिथला. सोळा वर्षं तिथलं पाणी प्यायलो. अजिंठा पाहिला. पेन्सिल एवढ्यासाठी, की शाईचं मंडळाच्या बैठकीत मंजूर करून घेऊ.

प्रभावती : आणि गोव्याचा नियम?

बाजीराव : गोव्याचा इथे काय संबंध?

प्रभावती : सांगा ना वन्संना. त्यांना पण कळू दे तुमचं शास्त्र.

बाजीराव : त्यात लपवण्यासारखं काही नाही. गोवा मी त्र्याऐंशी साली केलं. सत्त्याऐंशी साली ते राज्य झालं. म्हणजे मी गेलो तेव्हा ते राज्य नव्हतंच, केंद्रशासित होतं. दुसऱ्या कुणी डोळेझाक केली असती. आमचे मगनभाई तर खिडकीतून दिसलं तरी राज्य धरतात. कच्छच्या रणातून त्यांना पाकिस्तान दिसलं, तेही धरलंय. मी तसा नाही. मी गोवा खोडलं. नियम केला, की ज्या दिवशी पाय ठेवला त्या दिवशी ते राज्य असलं पाहिजे. अठ्ठ्याऐंशी साली कर्नाटकातून फिरून पुन्हा गेलो. शाईनं रंगवलं.

प्रभावती : त्या आठवड्यात माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. गोवा दोनदा झालं, दवाखाना एकदाही नाही. पण तो नियम माझ्या चांगला लक्षात राहिला. पोटावर टाका आहे ना, आंघोळ करताना दिसतो.

अनुसया : ज्या दिवशी पाय ठेवला, त्या दिवशी राज्य पाहिजे.

बाजीराव : अगदी बरोबर.

अनुसया : तू घर कवा सोडलंस?

बाजीराव : एकोणसाठ साली. मे महिन्यात.

अनुसया : आन महाराष्ट्र कवा झाला?

प्रभावती : एक मे एकोणीसशे साठ. दरसाल ऐकते, पाठ आहे मला.

अनुसया : म्हंजी तू निघालास तवा महाराष्ट्र व्हताच कुठं?

बाजीराव : तेव्हा मुंबई राज्य होतं. आपलं भोकरदन त्यात, सुरतही त्यातच. एकच मोठं राज्य. पुढच्या वर्षी तोडलं.

अनुसया : आन तुझा जन्म?

बाजीराव : त्रेचाळीस. तेव्हा निजामाचं.

अनुसया : म्हंजी महाराष्ट्रात तू जन्मलाबी न्हाईस, राह्यलाबी न्हाईस, आलाबी न्हाईस. दादा, तुझी तेवीसच झाली.

प्रभावती : खोडरबर देऊ का?

बाजीराव : चेष्टा नको. यावर विचार करावा लागेल.

अनुसया : कर. आन त्यासंगं ह्येबी इचार कर. राज्यात पाय ठेवनार न्हाई म्हनून निघालास. ते राज्य कंचं? मुंबई. उतरलास कुठं? सुरतेला. सुरत कुठं व्हती? मुंबई राज्यात. म्हंजी तू गाडीतून पाय खाली टाकलास तवाच शपथ मोडली. फलाटावर. आन मोडलेली शपथ सदतीस वर्सं पाळलीस.

बाजीराव : फलाट रेल्वेचा...

प्रभावती : बस हं आता.

बाजीराव : सिक्कीमचं आरक्षण झालेलं आहे, एवढंच मी म्हणत होतो.

अनुसया : ते म्हन. सरळ बोललास की बरं वाटतं. वैनी, खाली पोरं काय वरडतात? दाव, दाव?

प्रभावती : लपाछपी चाललीय. इथं दाव म्हणतात. ज्यानं डोळे मिटायचे त्याच्यावर दाव. आपली मराठी पोरं पण आता तेच म्हणतात.

अनुसया : आमच्यात राज्य म्हनतात. तुझ्यावर राज्य. ज्याच्यावर राज्य आलं त्यानं भिताडाकडं तोंड करून आकडे मोजायचे, बाकीच्यांनी लपायचं. दादाला ठाव हाय.

बाजीराव : असेल. आता आठवत नाही.

अनुसया : कामून आठवत न्हाई? निघालास त्या दिवशी दुपारी खेळलास की माझ्यासंगं. सोळा वर्साचा घोडा, कधी खेळत नव्हतास, त्या दिवशी आपणहून आलास. मी सात वर्साची. मला आभाळ ठेंगणं झालं. म्हनलास, अने, आज तुझ्यावर राज्य. शंभरपस्तोर मोज. मधी वळायचं न्हाई.

बाजीराव : तू ट्रंक पाहिली असतीस तर बोंब ठोकली असतीस. दुसरा इलाज नव्हता.

अनुसया : इलाज चांगला व्हता. पर मला शंभर कुठं येत व्हते? चाळीसपस्तोर यायचे. पुढचे तूच शिकवनार व्हतास. चाळीस झाले की मी पुन्हा एकपासून. पुन्हा चाळीस, पुन्हा एक. वाटलं, असे लई खेप मोजले की शंभर होत असतील. दिवेलागणीला मायनं भिताडापासून उचलून नेलं. कपाळाला चुना लागला व्हता.

बाजीराव : मला हे... कुणी लिहिलं नाही कधी.

अनुसया : कुठल्या राज्यात लिहायचं?

प्रभावती : मला पण नाही सांगितलंत कधी, वन्सं.

अनुसया : त्यात सांगण्यासारखं काय? पोरांचा खेळ. पर खेळाचा बी नियम असतो की, वैनी. लपलेला सापडल्याबिगर राज्य उतरत न्हाई. ते राज्य अजून माझ्यावरच हाय. आप्पाचं दुखणं म्या काढलं, मायचं म्या काढलं, तीन पोरींचं म्या बघितलं. तू लपलास आन देशभर पाय ठेवत फिरलास. तू तेवीस मोजलीस. मी एकच.

बाजीराव : अने...

अनुसया : अने म्हनू नको. अनुसयाबाई म्हन, साडेतीनशे पत्रिकांवर तसं छापलंय. वैनी, भुसावळच्या गाडीला किती येळ हाय?

प्रभावती : दीड तास. रिक्षा कोपऱ्यावर मिळते.

अनुसया : मंग पुरं झालं. दादा, मी भिताडाकडं तोंड करते, तुझ्या नकाशाच्या शेजारी. मोजते. शंभरपस्तोर वळत न्हाई. तुला जायचं तर जा. दार उघडं हाय, आन ह्ये काम तुला येतं. ज्योतीला सांगन, लई हुडकला, तुझा मामा सापडला न्हाई. पर न्हाई गेलास, तर राज्य तुझ्यावर. वीस तारखेला तू पोरीला मांडवात आनायचं, आन भटजी वरडायच्या आत.

बाजीराव : हा काय पोरखेळ आहे? शेजारी बघतील.

प्रभावती : बघू द्या. शाल देतील तेव्हा पण बघणारच आहेत.

(अनुसया भिंतीकडे तोंड करून उभी राहते.)

अनुसया : एक. दोन. तीन. चार. पाच.

बाजीराव : प्रभा, तू सांग हिला. चव्वेचाळीस वर्षांची बाई.

प्रभावती : मी नाही बोलत मध्ये. आतापर्यंत माझ्यावर पण होतं थोडं थोडं. आज नाही.

अनुसया : अकरा. बारा. तेरा.

बाजीराव : आरक्षण रद्द केलं तर मंडळात काय सांगू? फलकावर पंचवीस लिहिलंय.

प्रभावती : सांगा की रंगाचं काम काढलंय. शाई आणायला गेलो होतो.

अनुसया : सतरा. अठरा.

बाजीराव : आणि तिथे जाऊन मी करू काय? मला तिथे कुणी ओळखत नाही. बाबुरावांना निदान गल्ली तरी ओळखत होती.

प्रभावती : चिमटा काढायला मी आहे.

अनुसया : एकवीस. बावीस. तेवीस.

प्रभावती : इथपर्यंत तर तुमचे पण होतात.

बाजीराव : माझ्या चपला कुठे आहेत?

प्रभावती : दाराबाहेर. नेहमीच्या जागी.

अनुसया : सव्वीस. सत्तावीस.

प्रभावती : जाणार असाल तर पायात घालून जा. जिना तापलाय.

अनुसया : एकतीस. बत्तीस.

प्रभावती : अहो.

अनुसया : अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

प्रभावती : वन्सं?

अनुसया : चाळीस.

बाजीराव : एक्केचाळीस.